झेंडा उंच नको, बूड पक्कं पाहिजे



आधी रानाची खबर. मीठ्या बहाराची अंजिरं फुगायला लागलीत. तांबेऱ्याची फवारणी काल उरकली. वाटाण्याचे वेल काढून रान मोकळं केलंय. रानातलं एवढंच.

आज दुसरंच लिहायचंय. १९ फेब्रुवारी जवळ आलीय. परवा वस्तीवरची चार पोरं माझ्याकडं बांबू मागायला आली. टोमॅटोच्या मांडवाचे जुने बांबू पडलेत ना, त्यातले चार द्या म्हणाली. कशाला रं? तर गाडीला झेंडा बांधायला. मी दिले नाहीत. पोरं तोंड वाकडं करून गेली. पारावर म्हणे बोलली, "नानाला शिवजयंतीचं वावडं झालंय."

मंडळी, वावडं का झालंय ते सांगतो. मग तुम्हीच ठरवा.

गेल्या वर्षीची शिवजयंती. पुतण्या आणि मी, दोघं एका गाडीवर. शंभर सीसीची साधी मोटारसायकल. मंडईत एक ओळखीचा गाळेवाला आहे, त्याचा हिशोब राहिला होता आणि अंजिराची एक पेटी नमुन्याला द्यायची होती. पुतण्या म्हणाला, "नाना, आज सणाचा दिवस, झेंडा लावून जाऊ." मीच मांडवातला बांबू काढला. चांगला आठ फुटी. मीच तो कॅरिअरला डाव्या अंगाने सुतळीने बांधला. वरून नायलॉनची दोरी, तीन वेढे. तीन बाय दोन फुटाचा भगवा. बघणाऱ्याने म्हणावं, वा!

दिवे घाटात वाऱ्यावर असा फडफडला की समोरून येणारे हात करत होते. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. हडपसर झालं, स्वारगेट झालं, बाजीराव रस्त्याने मंडईपाशी आलो. तिथली गर्दी तुम्हाला ठाऊक आहे. गाडी चालते की ढकलतोय ते कळत नाही. दहा-पंधराचा वेग असेल.

वर केबलच्या वायरींची झुंबड लोंबत होती. बांबूचं टोक त्यात अडकलं. गाडी पुढं, टोक मागं. बांबू धनुष्यासारखा वाकला. पुतण्याने ब्रेक मारला तोवर वायर टोकावरून सटकली, आणि तो वाकलेला बांबू सगळा जोर घेऊन पुढं आला. माझ्या डोक्यावर आदळला आणि तिथंच फुटला. बांबू फुटला की चिरफळ्या सुरीसारख्या होतात, बांबू तासणाऱ्याला विचारा. कानामागं पाच टाके पडले. डोक्यावर हेल्मेट नव्हतं, गांधी टोपी होती. बोटभर इकडं असतं तर डोळा गेला असता.

पण टाक्यांचं काही नाही. लागलं ते पुढचं. झेंडा रस्त्यावर पडला. मंडईचा रस्ता म्हणजे कोबीचा पाला, पाणी, चिखल. मागून आलेली एक रिक्षा त्यावरून गेली. त्याची तरी काय चूक, त्याला दिसलाच नाही. कडेला मेथीच्या जुड्या घेऊन बसलेली एक म्हातारी उठली. तिनं झेंडा उचलला, झटकला, पदराने पुसला, घडी घालून माझ्या हातात दिला. माझ्या मानेवरून रक्त वाहत होतं, ते तिनं बघितलं. तरी म्हणाली,

"दादा, धरता येत नाही तर आणता कशाला?"

मला उत्तर आलं नाही. वर्ष झालं, अजून येत नाही.

आता पोरं म्हणतील, नाना, वायरींचा दोष. महापालिकेने वायरी नीट बांधायला नकोत का? नकोत कशा, हव्यातच. पण शेतकरी माणूस आहे मी. ऊस भरलेली ट्रॉली लोंबत्या तारेखालून नेताना आपण आधी वर बघतो की नाही? रानातली तार खाली आलेली असली तर त्याखाली बोअरचा पाईप उभा धरत नाही. का, तर पाईप तारेला टेकला की माणूस जातो. मग तेच डोकं गाडीला झेंडा बांधताना कुठं जातं? मंडईत केबलची वायर होती म्हणून टाक्यावर निभावलं. गावाकडच्या रस्त्याला झोळ पडलेली अकरा केव्हीची तार असती, आणि हातात ओला बांबू नाहीतर लोखंडी पाईप असता, तर आज हे लिहायला मी नसतो.

दुसरी गोष्ट घरी आल्यावर कळली. कॅरिअरचे चार नट, त्यातले दोन निम्मे सुटलेले. मंडईत वायर अडकली नसती तर परतीच्या वाटेला घाटात कॅरिअरच निघालं असतं. का सुटले नट? याचं उत्तर तुमच्या हत्यारांच्या पेटीत आहे. रोटाव्हेटरचा गंजलेला नट सुटत नसला की आपण काय करतो? पान्याला लांब पाईप घालतो. हात तोच, ताकद तीच, पण पाईप दुप्पट लांब की नटावर जोर दुप्पट. गाडीला बांधलेला आठ फुटी बांबू म्हणजे पान्याला घातलेला पाईपच. वारा तो पाईप हलवतोय आणि तुमच्याच कॅरिअरचे नट सोडवतोय. तुम्ही मात्र वर बघून खूश.

आणि वारा कसा वाढतो तेही ऐका. गाडीचा वेग दुप्पट केला की झेंड्यावरचा वाऱ्याचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. वीसच्या जागी साठने गेलात तर नऊपट. कृषी विद्यापीठाची साहेब मंडळी हे पान वाचतात, त्यांनी चूक असेल तर सांगावं, पण नियम वेगाच्या वर्गाचा आहे. आता वेग दुप्पट आणि काठीही दुप्पट, तर बुडावर किती? आठपट. सुतळीचे तीन वेढे याला पुरतील का?

वारीचं उदाहरण घ्या. माउलींची पालखी आमच्याच दिवे घाटातून सासवडला येते. दिंडीच्या पुढं पताका असतात, किती उंच असतात, बघितल्यात ना? कुणाला लागलं का कधी? पताका माणसाच्या हातात असते. वारा आला की तो काठी खांद्याला टेकवतो, झाड आलं की वाकवतो. आणि चाल ताशी चार-पाच किलोमीटर. गाडी चाळीस-पन्नासने जाते. वेग दहापट म्हणजे जोर शंभरपट. पताकेची उंची गाडीला लावायची नसते ती यासाठी.

आणि ज्यांना घोडदळाचा दाखला लागतो त्यांनी २६ जानेवारीला टीव्हीवर राष्ट्रपतींचे अंगरक्षक बघावेत. घोड्यावर भाला, भाल्याला छोटीशी पताका. भाल्याचं बूड कुठं असतं? उजव्या रिकिबीच्या खोबणीत टेकलेलं. हात फक्त आधाराला. बूड आधी, फडकणं नंतर. आपल्या पोरांना फडकणंच तेवढं दिसतं.

आता मुद्द्यावर येतो. माझा राग पोरांवर कमी आहे. माझा राग आहे झेंडे वाटणाऱ्यांवर. रॅली निघायची म्हटलं की टेम्पो भरून झेंडे येतात, बांबू येतात, पेट्रोलची कुपनं येतात. बांधायचं कसं हे सांगायला कुणी येत नाही. पोरं मिळेल तसं बांधतात, सायलेन्सर काढतात, तिघं-तिघं बसतात. देणारा स्वतः पुढं काचा बंद करून चारचाकीत. त्याच्या गाडीच्या बॉनेटवर झेंडा असतो केवढा? वीतभर! काठी केवढी? हातभर, आणि पक्क्या बुडात बसवलेली. त्याच्या ड्रायव्हरला कळतं ते आपल्याला कळू नये? संध्याकाळी रॅली संपते, तो घरी जातो. आणि रस्त्यावर पडलेले झेंडे दुसऱ्या दिवशी सकाळी झाडूवाल्या बायका गोळा करतात. याला मान म्हणायचं का?

ज्या मंडईत माझी फजिती झाली तिच्यावरून एक आठवलं. ही इमारत १८८६ साली उघडली, लॉर्ड रे मार्केट या नावाने. पुढं तिला महात्मा फुल्यांचं नाव दिलं. पण जोतीराव पुणे नगरपालिकेत सभासद असताना या मंडईवर एवढा पैसा घालायला त्यांनीच विरोध केला होता. तो पैसा लोकांच्या शिक्षणाला लावा, असं त्यांचं म्हणणं. उंच शिखर बघून भुलायचं नाही, खाली कुणाच्या पदरात काय पडलं ते विचारायचं, हा त्यांचा धडा. त्यांच्या नावाच्या मंडईत मी आठ फुटी बांबू घेऊन गेलो, आणि खाली म्हातारीला झेंडा पुसायला लावला.

नुसता बोलून थांबत नाही. पोरांनो, झेंडा लावू नका असं मी म्हणत नाही. घरी नीट स्टँड बनवा. बाजारात तयार क्लिपा मिळतात, त्या मी हाताळून बघितल्या. पातळ पत्रा, एक स्क्रू. सायकलला ठीक. आपण घरी बनवू ते त्यापेक्षा चांगलं होतं. मी बनवलंय, वर्षभर वापरतोय. टाके निघाल्यावर मंडईपासून चालत बोहरी आळीत गेलो, सामान आणलं, गावातल्या वेल्डरकडून डागून घेतलं.

१. खोबण. अर्धा इंची जीआय पाईपचा एक फुटाचा तुकडा. हेच झेंड्याचं बूड. खालच्या तोंडाला पट्टी डागून बंद करा, पण पाणी निघायला छोटं भोक ठेवा. नाहीतर पावसाळ्यात आतून गंजतं.

२. पट्टी. हा पाईप पाच एमएम जाडीच्या लोखंडी पट्टीवर डागायचा. पट्टीला चार भोकं, त्यात दोन यू क्लॅम्प. क्लॅम्प सीटमागच्या धरायच्या नळीला, म्हणजे ग्रॅब रेलला, दोन वेगळ्या जागी. एकाच जागी दोन्ही लावले तर पट्टी फिरते.

३. गाडीवर वेल्डिंग करायचं नाही. पट्टी बाहेर डागून आणायची आणि मग बसवायची. डागल्यावर गाडीची नळी त्या जागी कमजोर होते, वायरिंगचं नुकसान होतं ते वेगळं. शिवाय गाडीच्या मूळ बांधणीत कायमचा फेरफार करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. क्लॅम्प काय, सण झाला की पान्याने काढून ठेवता येतो.

४. क्लॅम्पखाली जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा. रंग जात नाही आणि हादऱ्याने नट सुटत नाहीत. नट नायलॉक घ्या, म्हणजे आत नायलॉनचं कडं असतं ते.

५. काठी. बांबू नको, लोखंड तर अजिबात नको. झटका मशीनच्या कुंपणाला फायबरचे रॉड येतात, त्यातला बारा एमएमचा चार फुटी घ्या. त्यावर ठिबकची सोळा एमएमची लॅटरल चढवा. फायबर फुटला तरी चिरफळ्या लॅटरलच्या आतच राहतात. सोळाची लॅटरल अर्धा इंची पाईपात घट्ट बसते, लागली तर थोडी घासा. एक फूट खोबणीत, तीन फूट वर. चार भागांतला एक भाग बुडात गेलाच पाहिजे. टोक मागं बसलेल्याच्या डोक्याच्या जेमतेम वर येतं. तेवढं बास.

६. खोबण आणि काठी यातून आरपार एक फाटा पिन घाला. काठी उडून मागच्याच्या अंगावर जायला नको.

७. टोकाला रबरी टोपी. ती नसेल तर जुना टेनिस बॉल भोक पाडून बसवा. हसाल, पण कुणाच्या डोळ्यात टोक जाण्यापेक्षा हसलेलं बरं.

८. झेंडा दीड फूट बाय एक फूट. नंबर प्लेट, मागचा लाल दिवा, इंडिकेटर यातलं काही झाकता कामा नये. खालचा कोपरा चाकापर्यंत किंवा सायलेन्सरपर्यंत पोचत नाही ना ते हाताने ओढून बघा. पॉलिस्टर तापल्या सायलेन्सरला लागलं की वितळतं. काठी हँडलच्या रुंदीच्या बाहेर गेली नाही पाहिजे.

९. झेंडा काठीला सुती दोरीने बांधा, नायलॉनने नको. यावर माझं आणि पुतण्याचं भांडण झालं. तो म्हणाला, "नाना, सुती दोरी तुटली तर झेंडा पडेल, पुन्हा तोच अपमान." मी म्हणालो, कुठं अडकलाच तर दोनच गोष्टी होतील. दोरी तुटेल, नाहीतर गाडी आडवी होऊन माणूस पडेल. माणसापेक्षा दोरी तुटू दे. पडलेला झेंडा गाडी थांबवून उचलता येतो, घडी घालता येते. पण दोरी तुटायची वेळ येऊ नये म्हणूनच काठी आखूड ठेवायची.

१०. शेवटी परीक्षा. अंजिराची पाटी तोलायचा ताणकाटा काठीच्या टोकाला अडकवा आणि दहा किलोपर्यंत ओढा. पुढं, मागं, दोन्ही बाजूंना. काठी वाकली तर चालेल, बूड हललं तर नाही. हललं की पुन्हा कसा. पहिल्या दहा किलोमीटरला थांबून एकदा पाना फिरवा.

सगळं मिळून एका दुपारचं काम. निम्मं सामान तर आपल्याच शेडमध्ये पडलेलं असतं.

आता तिरंग्याबद्दल. वरचं सगळं भगव्याचं, वारीच्या पताकेचं, संघटनेच्या झेंड्याचं. तिरंगा यात धरू नका. भारतीय ध्वज संहिता २००२ मध्ये साफ लिहिलंय, मोटारीवर राष्ट्रध्वज लावायचा मान राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, राज्यपाल, पंतप्रधान, मंत्री, न्यायमूर्ती अशा ठरावीक पदांनाच. गाडीच्या टपावर, बाजूला, मागं तो पांघरायचा नाही. फाटका, मळका लावायचा नाही. जाणूनबुजून अपमान केला तर राष्ट्रप्रतिष्ठा अवमान प्रतिबंध अधिनियम १९७१ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे. घरावर लावा की. २००४ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, मानाने तिरंगा फडकवणं हा नागरिकाचा हक्क आहे. २०२२ पासून घरावर रात्रीही ठेवता येतो. आपल्या छपरावर, गोठ्यावर, विहिरीच्या पंपघरावर पक्क्या काठीला लावा, केशरी वर ठेवून. तिथं तो शोभतो.

कुणी म्हणेल, २०२२ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीला लाल किल्ल्यापासून खासदारांचीच मोटारसायकल रॅली तिरंगे घेऊन निघाली होती, मग आम्हालाच का? मोठ्यांनी केलं म्हणून नियम बदलत नाही. पाटलाने पाटाचं पाणी रात्री चोरून घेतलं म्हणून पाळी मोडत नाही, तसंच आहे हे.

राहिला शेवटचा आक्षेप, परवा पारावरचा. "झेंडा खाली म्हणजे मान खाली." पोरांनो, असं असतं तर सगळ्यात मोठा मान मोबाईलच्या टॉवरला मिळाला असता. शिवाजी महाराजांनी गड बांधले ते कड्यावर, पण आधी पाण्याचं टाकं खोदलं आणि मग तट चढवला. पायाचा विचार करणाऱ्या राजाच्या नावाने निघालेल्या गाडीचा झेंडा सुतळीवर टांगलेला असावा, याची लाज मला वाटते. मीच बांधला होता, म्हणून जास्त वाटते.

तर असं आहे. बांबू मी देणार नाही. पण रविवारी सकाळी शेडवर या. वेल्डरला बोलावलंय. चार गाड्यांचे स्टँड बनवून देतो, पट्टी आणि पाईप माझ्याकडचे. क्लॅम्प तुम्ही आणा. आणि येताना हेल्मेट घालून या. मागं बसणाऱ्यानेसुद्धा.

मंडईतली ती म्हातारी अजून तिथंच बसते. परवा अंजीर द्यायला गेलो तेव्हा तिच्याकडून मेथीच्या दोन जुड्या घेतल्या. तिनं मला ओळखलं नाही. पण निघताना गाडीच्या मागच्या छोट्या झेंड्याकडं बघितलं, हाताने काठी हलवून बघितली, आणि काही बोलली नाही. मला तेवढं पुरलं.

चुकलं असेल तर हक्काने सांगा.

राम कृष्ण हरी.